पार्सल परत का आलं?

मी चंद्रपूर जिल्ह्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचं आहे ते आपल्या मोबाइलवरच्या कपड्याच्या दुकानाबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी व्हॉट्सॲपवर कॅटलॉग केला, इन्स्टाग्रामवर पान उघडलं, कुणी उमेदमार्टवर माल टाकला. दुकान उघडणं सोपं असतं. अडतं ते पुढे.

गेल्या वर्षी मंडईच्या दिवसांतली गोष्ट सांगते. गावात नाटकाची तयारी चालली होती, माहेरवाशिणी आल्या होत्या आणि नेमकं त्याच दिवशी पोस्टमनदादा एक पार्सल परत घेऊन आले. पुण्याच्या एका ताईंनी मागवलेली कोशाची साडी होती. ज्या काकूंच्या मागावर ती विणली, त्या तिथेच बसल्या होत्या. त्यांनी साडी उलगडली, काठ पाहिले, पदर पाहिला आणि मला विचारलं, "काहून वापस आली व बाई? कुठं फाटली का?"

साडी कुठंच फाटली नव्हती. पुण्याच्या ताईंचा निरोप एका ओळीचा होता. फोटोत साडी सोनेरी दिसत होती, हातात आली तर मातकट आहे.

मी फोटो उघडून पाहिला आणि मान खाली घातली. तो मीच काढला होता. रात्री, पिवळ्या बल्बखाली, वरून मोबाइलमधला चकाकी वाढवणारा फिल्टर लावून. कोसा कधी असा लखलखतो का? आपल्या जंगलात ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडावर जी अळी वाढते, तिच्या कोशाचा धागा मुळातच मधासारखा, वाळल्या गवतासारखा असतो. आरमोरीकडची ढिवर कुटुंबं ती अळी उघड्या जंगलात राखतात, पाखरं नि मुंग्या हाकलत. तो रंग कुणी रंगवलेला नसतो. तीच त्याची ओळख आणि मी तीच फिल्टरखाली झाकली होती.

त्या एका पार्सलमध्ये काकूंची मजुरी अडकली. जाण्याचं पोस्ट गेलं, येण्याचं गेलं. त्या महिन्यात बँकेच्या कर्जाचा हप्ता गटाच्या बचतीतून भरावा लागला. मग आम्ही बसून वही काढली. वर्षभरात ३४ पार्सलं गेली होती, त्यातली ९ परत आली होती. आम्ही तोवर म्हणत होतो की ऑर्डरी कमी येतात, जाहिरात करू, पैसे भरून पोस्ट पुढे ढकलू. वही वेगळंच सांगत होती. आलेलं गिऱ्हाईकच आम्ही घालवत होतो.

बाजारात बाई कापड हातात घेते, चोळते, उजेडात नेते, अंगाला लावून बघते. मोबाइलवर तिला यातलं काहीच करता येत नाही. ते सगळं आपण तिच्यासाठी करून दाखवायचं असतं. आम्ही काय केलं ते सांगते.

फोटो आता सकाळी ८ ते १० मध्ये छपरीत काढतो. ऊन थेट पडत नाही, पण उजेड भरपूर असतो. मागे पांढरी चादर, फिल्टर नाही. एका साडीचे पाच फोटो: पूर्ण साडी, पदर, काठ जवळून, उलटी बाजू आणि कुणीतरी नेसलेली. काठाच्या फोटोत रुपयाचं नाणं ठेवतो, म्हणजे काठ किती रुंद ते कळतं. उलट्या बाजूचा फोटो काहींना नको वाटतो, पण हातमागाची पारख असलेली बाई आधी तेच मागते.

मापाचा घोळ तर मोठाच होता. नऊपैकी चार पार्सलं कुर्त्यांची होती आणि चारही मापावरून परत आली. आम्ही लिहायचो "साइज ३८". आमच्या शिवणाऱ्या ताईंच्या मते ३८ म्हणजे तयार कुर्त्याची छाती. घेणारीच्या मते ३८ म्हणजे तिच्या अंगाची छाती. अंगाची छाती ३८ असेल तर कुर्ता निदान ४० इंची हवा, सैल आवडणारीला ४२. आता आम्ही कुर्ता सपाट जमिनीवर पसरतो, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावतो, येईल त्याची दुप्पट करतो आणि स्पष्ट लिहितो, "तयार कुर्त्याची छाती ४० इंच, अंगाचं माप ३८ पर्यंत असेल तर बसेल." लांबी, बाही, खांदाही तसंच. आणि एक वाक्य टाकतो: तुमच्या अंगात नीट बसणारा जुना कुर्ता मोजून पाहा. हे वाक्य टाकल्यापासून मापावरून एकच कुर्ता परत आला आहे. साडीचंही तेच, साडी साडेपाच मीटर असेल आणि ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर वेगळा असेल तर तसं लिहायचं. "फुल साइज" म्हणजे काय, कुणालाच कळत नाही.

आता जी गोष्ट सांगते, तिच्यावरून आमच्या गटात दोन बैठका भांडण झालं. आमच्याकडे काही दुपट्टे आहेत, त्यांचा ताणा सुती आणि बाणा टसरचा. पूर्वी आम्ही त्यावर "प्युअर टसर" लिहायचो. मी म्हटलं, हे खोटं आहे. एक ताई रागावली. म्हणाली, "सगळे दुकानदार तसंच लिहितात. आपणच काहून हरिश्चंद्र व्हायचं? मले माल विकायचा आहे." तिचं अगदीच चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिच्या घरी लेकीचं कॉलेज होतं आणि तिचे ६ दुपट्टे पेटीत पडून होते. शेवटी मत घेतलं आणि आम्ही लिहिलं, "ताणा सुती, बाणा टसर." भाव ३०० रुपयांनी उतरवला. दीड महिना एकही दुपट्टा गेला नाही. ती ताई माझ्याशी बोलेना. मग नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारलं, सुती ताणा आहे म्हणजे उन्हाळ्यात चालेल ना, खांद्यावरून घसरत नाही ना? तिने एक नेला, नंतर शाळेतल्या मैत्रिणींसाठी चार मागवले. काही गिऱ्हाइकं गेलीही असतील. प्रत्यक्ष दुकानात जाणाऱ्याची निदान पाठ दिसते, इथे तेही कळत नाही.

शुद्ध टसर आहे तिथे मात्र आम्ही आता पुरावा दाखवतो. साडीच्या टोकाचे दोन धागे काढून जाळतो आणि त्याचा छोटा व्हिडिओ टाकतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. वास व्हिडिओत जात नाही, पण राख दिसते. ताणा आणि बाणा, दोन्ही बाजूंचे धागे जाळा, नाहीतर आमच्या दुपट्ट्यासारखं अर्धंच सत्य दिसेल. करवतकाठी साडी असेल तर काठाचे दाते जवळून दाखवा. तीन धोट्यांनी विणून ते करवतीचे दाते पडतात, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, दोन ओळींत सांगा. या साडीला भौगोलिक मानांकन आहे, पण म्हणून त्याचं चिन्ह आपल्या फोटोवर चिकटवायचं नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. सिल्क मार्कच्या लेबलचंही तसंच, तेही नोंदणीशिवाय नाही.

भावाबद्दल थोडं. आम्ही कुर्ता ५९९ ला विकायचो, पोस्ट फुकट. एकदा हिशेब मांडला: कापड ३१०, शिलाई १८०, धागा-बटण-अस्तर ३५, पिशवी नि लेबल १५, पोस्ट ६०. बेरीज ६००. म्हणजे प्रत्येक कुर्त्यामागे आम्ही गिऱ्हाइकाला एक रुपया देत होतो आणि वर खूश होतो की विक्री वाढली. आता तोच ७४९ ला आहे, पोस्ट त्यातच धरून. शेवटच्या क्षणी वेगळं पोस्ट सांगितलं की बाई घेता घेता थांबते, हे आम्ही चारदा पाहिलं. कुर्ते आधीपेक्षा कमी जातात, पण जाणाऱ्यावर पैसे उरतात.

आमच्या गावात रेंजचा भरवसा नाही. डांबरी रस्त्यापर्यंत गेल्याशिवाय निरोप येत नाहीत. दोन दिवसांनी उत्तर दिलं की समोरची म्हणते, फसवणारे दिसतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपल्या दुकानाची माहिती लिहिण्याची सोय आहे. आम्ही तिथे लिहून ठेवलं, "आम्ही जंगलातल्या गावात राहतो, रेंज कमी असते. रोज संध्याकाळी ७ ते ९ मध्ये नक्की उत्तर देऊ." आणि पाळी लावली. ज्या ताईची पाळी, ती फोन घेऊन रस्त्यावर जाते, सोबत दुसरी जाते. उन्हाळ्यात, मोहाच्या दिवसांत, वाघाची खबर असली की वेळ ५ ते ६ करतो, तेही तिथेच लिहितो. गिऱ्हाइकं त्यावर उलट आमचीच चौकशी करतात.

एक सावधगिरी. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असा फोन आमच्या एका मावशीला आला होता. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. तसं झालंच तर लगेच १९३० ला फोन करा, थांबू नका.

मोठ्या ऑनलाइन बाजारात माल टाकायला जीएसटी क्रमांक लागतो, म्हणून काही गट मागे फिरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम थोडा सैल झाला आहे. तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि माल फक्त महाराष्ट्रातच विकणार असाल, तर पॅन कार्डावर जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर ही सवलत नाही. म्हणजे तेलंगणाची सीमा इतकी जवळ असूनही या सवलतीत तिकडे माल देता येत नाही. आधी मुंबई, पुणे, नागपूर पुरेसं आहे.

यंदा आतापर्यंत २७ पार्सलं गेली, २ परत आली. ती पुण्याची साडी मात्र अजून आमच्याकडेच आहे. काकू अधूनमधून विचारतात, गेली का व? आम्ही तिचा जुना फोटो काढून टाकला, पण नवा काढायचं राहूनच गेलं. उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी तीच साडी छपरीत पसरायची आहे, काकूंनाच नेसवून. त्या म्हणतात, "माह्या अंगावर कोन पाहीन?" मी म्हटलं, विणणारीच्या अंगावर साडी कशी दिसते, ते पाहू तरी द्या.