चित्र हातात घ्या
(व्याख्यानमालेतील भाषणाचा मुद्रित भाग)

कलादालनात शिरलं की आपला आवाज आपसूक खाली येतो, हात मागे जातात. पोर जरा पुढे सरकलं की आई डोळे वटारते, "हात लावू नको हां!" या शिस्तीची टर उडवणारे कलावंतही पुष्कळ झाले. मार्सेल द्युशाँने १९४२ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात दालनभर दोऱ्याचं जाळं विणलं आणि उद्घाटनाला मुलं चेंडू खेळायला बोलावली. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००८-०९मध्ये साबणाच्या वड्या विटांसारख्या रचून भिंत केली. प्रत्येक वडीवर 'थ्रेट', म्हणजे धमकी, एवढाच शब्द. बघणाऱ्याने वडी घरी न्यायची. भिंत खचत जाते आणि धमकी कुणाच्या तरी मोरीत फेस होऊन वाहून जाते. मला हे काम फार आवडतं.

पण सिंधुदुर्गातल्या माणसाने अशा कामांनी दचकू नये. आपल्याकडचं चित्र भिंतीवर टांगलेलं होतं कधी? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी पाहा. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा जुडगा. वीणा, हुडूक, टाळांच्या साथीवर गात गात एकेक चित्र समोर धरायचं. दालनात चित्र जागच्या जागी असतं आणि आपण फिरतो. कंटाळा आला की पुढे सटकतो. पिंगुळीत आपण बसायचं आणि चित्रं बदलतात. कुठलं किती वेळ दिसेल, हे सांगणारा ठरवतो. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे नुसती चित्रं पाहून परतू नका, कथा सांगायला लावा.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, याच्याही पुढची. दशावतारी संचात १२० गोल पत्ते. दर अवताराचे बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे रंगवलेले, वरून लाखेचा हात. गोल पत्ते नेहमीसारखे पिसायला अवघड, म्हणून चादरीवर पसरून कालवायचे. म्हणजे घामट बोटं लागणार हे रंगवणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक! १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला राजवाड्यात पुन्हा उभी केली. आता लोक हौसेने पत्ते घेतात आणि काचेत बसवून दिवाणखान्यात लावतात.

हल्ली काही दालनांत डिजिटल पडद्यासमोर हात हलवला की त्यावर फुलं उमलतात. त्यालाही सहभाग म्हणतात. मी म्हणणार नाही. तिथे आपल्या चुकण्याने काही बिघडत नाही. गंजिफात भलता पत्ता पडला की डाव हातचा जातो.

तेव्हा संच आणलात तर फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. खेळायला तिघे लागतात. दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची.