संशोधकाचा जामीन

परक्या गांवांत गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: "आपण कोणाकडे उतरलांत?" ओळखीचें घर सांगतां आलें कीं निम्मा संशय तेथेंच मावळतो. राष्ट्रांच्या सरहद्दीवरहि हीच रीत चालते; फरक इतकाच, कीं तेथें ओळख तोंडीं सांगून भागत नाहीं, ती कागदावर दाखवावी लागते. विद्येच्या शोधार्थ परदेशीं जाणाऱ्या संशोधकाला हा ओळखीचा कागद कोणी द्यावा, हा प्रश्न वरवर कचेरींतला वाटला, तरी एके काळीं त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

७ एप्रिल १९३३ रोजीं जर्मनींतील नाझी राजवटीनें सरकारी नोकरवर्गाविषयीं एक कायदा केला. तेथील विश्वविद्यालयें सरकारी असल्यामुळें ज्यू वंशाचे आणि राजवटीला नकोसे झालेले शेंकडों अध्यापक त्या कायद्याच्या आधारें पदच्युत झाले. त्यांतील पुष्कळांचे डोळे अमेरिकेकडे लागले. अमेरिकेच्या १९२४ सालच्या कायद्यानें युरोपांतील प्रत्येक देशांतून येणाऱ्यांची वार्षिक संख्या बांधून दिली होती. परंतु त्याच कायद्यांत अध्यापकांसाठीं एक निराळें दार ठेविलेलें होतें. विश्वविद्यालयाचा अध्यापक या संख्येच्या बाहेर धरला जाई. अट एवढीच, कीं लगतपूर्वींचीं निदान दोन वर्षें त्यानें अखंड अध्यापन केलेलें असावें, आणि अमेरिकेंतहि तेंच काम करण्यासाठीं तो येत असावा.

अट वाचावयास सरळ आहे. पण ज्याला १९३३ सालीं वर्गाबाहेर काढलें, त्यानें १९३८ सालीं लगतच्या दोन वर्षांचें अध्यापन दाखवावें कोठून? ज्या जुलमानें नोकरी नेली, त्याच जुलमानें सुटकेचा मार्गहि अडविला. जो केवळ प्रयोगशाळेंत किंवा ग्रंथालयांत बसून शोध करी, शिकवीत नसे, त्याचें तर त्या कलमांत नांवच नव्हतें. न्यूयॉर्क येथें १९३३ सालींच स्थापन झालेल्या एका समितीनें विश्वविद्यालयांना वेतनासाठीं द्रव्य पुरवून ३३५ विद्वानांना आधार दिला. परंतु आधार मागणारे याहून कितीतरी अधिक होते. विद्या पुष्कळांजवळ होती. जामीन थोड्यांनाच मिळाला.

आज युरोपीय संघाच्या कायद्यांत संशोधक हा वर्ग स्वतंत्र नांवानें मान्य झालेला आहे. २००५ सालीं यासंबंधीं पहिला निर्देश निघाला, आणि ११ मे २०१६ च्या दुसऱ्या निर्देशानें त्याची जागा घेतली. डेन्मार्क व आयर्लंड हे देश या दुसऱ्या निर्देशाच्या बाहेर आहेत. या व्यवस्थेचा कणा म्हणजे यजमान संस्थेशीं केलेला करार. संशोधनाचा विषय कोणता, आरंभ व अखेर केव्हां, हें त्यांत लिहिलेलें असतें; संस्था संशोधकाला ठेवून घेण्याचें आणि संशोधक काम तडीस नेण्याची शिकस्त करण्याचें वचन देतो. विद्येची पारख विद्यासंस्थेनें करावी व सरकारनें तिचा शब्द प्रमाण धरून इतर अटी तपासाव्या, असा हा न्याय आहे. पूर्ण अर्जाचा निकाल ९० दिवसांच्या आंत, आणि ज्या यजमान संस्थांना यासाठीं आधीं मान्यता दिलेली असेल त्यांच्या बाबतींत ६० दिवसांच्या आंत लागावा, अशी मर्यादा सरकारी कचेऱ्यांनाहि घालून दिलेली आहे.

तथापि व्हिसा व वास्तव्याचा परवाना या दोन वस्तु निरनिराळ्या आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. व्हिसा हा उंबरठा ओलांडण्याचा अधिकार; घरांत राहण्याचा अधिकार परवान्यानें मिळतो. पुण्याचा एखादा संशोधक दोन वर्षांसाठीं जर्मनींत निघाला आहे असें समजूं. प्रथम यजमान-करार, मग दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग प्रवास. तेथें बिऱ्हाड केल्यावर दोन आठवड्यांच्या आंत त्यानें नगराच्या नोंदणी कचेरींत आपला पत्ता नोंदवावयाचा, आणि त्यासाठीं घरमालकाची लेखी चिठ्ठी लागते. आजारपणाचा विमा उतरावा लागतो. त्यानंतर परकीयांच्या कचेरींत बोटांचे ठसे देऊन वास्तव्याच्या परवान्याचें कार्ड मिळवावयाचें. यांतील एकेक पायरी पुढच्या पायरीचा आधार आहे.

घाईनें याऐवजीं अल्प मुदतीचा व्हिसा घेणारे फसतात. तो कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो; परिषदेला किंवा थोड्या दिवसांच्या ग्रंथालय-भेटीला तो पुरे. "तेथें गेल्यावर वाढवून घेऊं" या भरंवशावर निघालेल्याला बहुधा परत येऊन आरंभापासून अर्ज करावा लागतो, आणि तोंवर प्रयोगशाळेंतील जागा त्याची वाट पाहत थांबेलच असें नाहीं.

जामिनाला मुदत असते, हेंहि विसरूं नये. संस्थेशीं असलेला कायदेशीर संबंध तुटला कीं करारहि संपतो. काम यथास्थित पुरें केलेल्या संशोधकाला मात्र नोकरी शोधण्यासाठीं किंवा स्वतःचा व्यवसाय उभारण्यासाठीं निदान ९ महिने राहण्याची सवलत २०१६ च्या निर्देशानें दिली आहे. १९३३ सालीं पदच्युत झालेल्या अध्यापकाच्या कायद्याशीं ही तरतूद ताडून पाहिली, म्हणजे नोकरी संपतांच माणूस निराधार होऊं नये, या विचाराची किंमत कळते.

आपल्या इकडेहि हाच व्यवहार उलट बाजूनें घडत असतो. पुण्यांत भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज अशा ठिकाणीं परदेशीय विद्वान् अभ्यासाला येतात. भारतांत १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशीयाला आगमनापासून १४ दिवसांच्या आंत नोंदणी करावी लागते. भाषा अपुरी, गांव नवें, आणि दिवस मोजके! अशा वेळीं यजमान संस्थेच्या कारकुनानें पत्र चार दिवस टेबलावर पडूं दिलें, तर त्या पाहुण्याचें सबंध वर्ष फुकट जाऊं शकतें. निमंत्रण देणें सोपें. पाहुण्याचे कागद वेळेवर व बिनचूक पुरे करून देणें हा त्याच निमंत्रणाचा उत्तरार्ध होय. तो पार पाडील तीच संस्था यजमान म्हणवून घेण्यास पात्र.