रिपोर्टवर एकही स्टार नव्हता, तरी बाबांचं लिव्हर कडक झालं होतं

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर घरी भांडी घासत असाल, आजचा भाग जरा नीट ऐका. कारण तो तुमच्यापेक्षा तुमच्या आईबाबांसाठी आहे.

माझ्या बाबांना बारा वर्षं डायबिटीस आहे, टाइप टू. गेल्या वर्षी पित्ताचा खडा आहे का बघायला सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण खाली एक ओळ होती: 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. बाबा हसले. "अगं, मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. आणि हे हल्ली सगळ्यांनाच असतं." मीही रिपोर्ट फाइलला लावून टाकला. चूक तिथेच झाली.

बघा, या आजाराला दारू लागत नाही. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग चरबी लिव्हरकडे वाहत राहते, आणि जास्तीच्या साखरेचीही लिव्हर चरबीच करतं. म्हणून तर २०२३ मध्ये डॉक्टरांनी या आजाराचं नाव बदललं. 'नॉन-अल्कोहोलिक' जाऊन 'मेटाबॉलिक' आलं. टाइप टू असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांत फॅटी लिव्हर सापडतं. आणि लिव्हर दुखत नाही. फार तर थकवा येतो, तोही आपण वयावर ढकलतो.

खरा प्रश्न चरबीचा नाही, व्रणांचा आहे. सूज राहिली की लिव्हरमध्ये व्रण पडतात, ते कडक होत जातं, आणि शेवटी सिरॉसिस. सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती ते सांगतो, व्रण किती ते नाही.

मग कळायचं कसं? फिब-४ नावाचा एक हिशोब आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. बाबांचं वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ८० हजार. तिन्ही आकडे नॉर्मल, रिपोर्टवर एकही स्टार नाही. उत्तर आलं २.०४! १.३ च्या खाली असेल तर धोका कमी. त्याच्या वर असेल तर पुढची तपासणी. वय ६५ च्या पुढे असेल तर ही रेघ २ वर धरतात. तुम्ही पस्तिशीच्या आत असाल तर हा आकडा स्वतःला लावू नका, तो तिथे भरवशाचा नाही.

पुढची तपासणी म्हणजे फिब्रोस्कॅन. सुई नाही, दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटं. बाबांचा आकडा आला ९.१. आठच्या वर गेलं की लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायचं. आम्ही गेलो.

ते म्हणाले, "लिव्हर टॉनिक विसरा, वजन उतरवा." वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूज कमी होते, आणि दहा टक्क्यांवर व्रणही मागे हटू शकतात. बाबा ८२ किलो होते, म्हणजे सहा ते आठ किलो. चहातली साखर, कोल्ड्रिंक, संध्याकाळचं फरसाण बंद. भाकरी चालू, पण चार नाही, दोन. रोज पाऊण तास चालणं. डॉक्टरांनी डायबिटीसचं औषधही बदललं, कारण काही औषधं साखरेबरोबर लिव्हरलाही मदत करतात. कोलेस्टेरॉलची गोळी बाबा 'लिव्हरला त्रास नको' म्हणून मनानेच बंद करणार होते. ती चालूच ठेवायला सांगितली. आणि हो, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना मनाने कडक उपास करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सहा महिन्यांत बाबा ७६ वर आलेत. फिब्रोस्कॅन पुन्हा करायचाय, निकाल काय येईल ते बघू. तुम्ही आज एवढंच करा: घरची फाइल काढा, ते तीन आकडे शोधा, हिशोब करा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!