फिर्याद द्यावी की गप्प बसावे?
(मुळशी तालुक्यात पालकांपुढे केलेले भाषण)



आमच्या शाळेतून पुण्यास शिकावयास गेलेल्या एका मुलास चारचौघांदेखत जातीवरून हिणविले. ‘गुरुजी, फिर्याद देऊ काय?’ असे त्याने विचारले. ‘बाळा, वर्ष वाया जाईल, गप्प बस,’ असे आम्ही सांगितले. तो गप्प बसला; पण शाळा सोडून घरी आला. वर्ष गेलेच! ही चूक आमची.

अनुसूचित जाती-जमातींच्या लेकरांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. फिर्याद घेण्याआधी प्राथमिक चौकशी नको, असे २०१८ च्या दुरुस्तीने ठरले. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात नाकारल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यास लेखी कळवावे.

फिर्याद द्यावी की नाही, हे मुलानेच ठरवावे. मात्र बोललेले शब्द, तारीख, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि ठाण्यात त्याला एकटे धाडू नका. आम्हांस हाक मारा.