शब्द खाली ठेवण्याचा अधिकार

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेतन, महागाई आणि संघटना या विषयांच्या पंक्तीत एका अमेरिकन कलावंताच्या बासरीला जागा मिळाली, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला मघाशी विचारलेही, ‘त्याने शब्द सोडले म्हणजे लढाच सोडला, त्यावर व्याख्यान कसले?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेच उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न राहील.

या कलावंताचे नाव आंद्रे बेंजामिन. जग त्याला ‘आंद्रे ३०००’ म्हणून ओळखते. जन्म १९७५ चा, अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहरातला. शाळासोबती अँटवान पॅटन याच्याबरोबर त्याने ‘आउटकास्ट’ ही जोडी स्थापन केली. आउटकास्ट म्हणजे बहिष्कृत! हा शब्द आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेले, यमकांनी बांधलेले शब्द. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या दरिद्री भागात जी हिप-हॉप संस्कृती जन्मली, तिचा हा आवाज. ज्यांच्याजवळ वाद्ये घेण्याइतका पैसा नव्हता त्यांनी दोन तबकड्या आणि स्वतःची जीभ यांतून संगीत उभे केले. पण बहिष्कृतांतही उतरंड असतेच. १९९५ साली न्यूयॉर्कमधील एका पुरस्कार समारंभात या दोन दाक्षिणात्य तरुणांची श्रोत्यांनी हुर्यो उडवली, तेव्हा आंद्रेने त्या सभागृहाला ठणकावले की, दक्षिणेलाही काही सांगावयाचे आहे. पुढे २००४ साली याच जोडीला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सांगावयाचे होते ते सांगून झाले आणि जगाने ते ऐकले.

जोडीचा अखेरचा अल्बम २००६ चा. त्यानंतर सतरा वर्षे चाहते त्याच्या स्वतंत्र रॅप अल्बमची वाट पाहत राहिले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘न्यू ब्लू सन’ आला, तो एकाही रॅपच्या ओळीविना! आठ रचना, सुमारे सत्त्याऐंशी मिनिटे. बासऱ्या, एक विद्युत सुषिरवाद्य, घंटा, तालवाद्ये आणि संथ पसरत जाणारे स्वर. तालवादक कार्लोस निन्यो हा त्याचा प्रमुख सहकारी. कळवाद्यांवर सूर्या बोतोफासिना आहे. अ‍ॅलिस कोल्ट्रेन या थोर कृष्णवर्णीय संगीतकर्तीने कॅलिफोर्नियात काढलेल्या आश्रमात, संस्कृत भजनांच्या सान्निध्यात तो वाढला. पहिल्या रचनेचे लांबलचक शीर्षकच एक कबुली आहे: रॅपचाच अल्बम करावयाचा होता, पण या वेळी वाऱ्याने मला इकडे आणले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॅपमधून बोलण्यासारखे आपल्याजवळ काय उरले, असा प्रश्न त्याने मुलाखतीत प्रांजळपणे मांडला होता. डोळे अधू होत आहेत, प्रकृतीच्या तपासण्या कराव्या लागतात, याची का गाणी करावयाची?

हे पलायन आहे काय?

मित्रहो, त्याच महिन्यात त्याच अटलांटा शहरात काय चालले होते ते पाहा. ‘यंग थग’ या रॅप गायकावर आणि त्याच्या साथीदारांवर टोळीबाजीचा खटला सुरू होत होता. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायाधीशांनी आरोपींच्या गाण्यांतील ओळी, काही अटींवर, पुरावा म्हणून मांडण्यास परवानगी दिली. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही, आणि त्या खटल्यातील आरोपांच्या खरेखोटेपणात मला शिरावयाचे नाही. पण एकाच वास्तवाच्या या दोन बाजू आहेत. काळ्या माणसाचा शब्द बाजाराला माल म्हणून हवा असतो आणि सरकारी वकिलाला पुरावा म्हणून. कविता म्हणून तो कितीजणांना हवा असतो?

आणि तिसरे मागणीदार आपण, चळवळवाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून नाव घेतले. त्या नात्याने हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. दलित लेखकाने आक्रोशच लिहावा, त्याने चांदण्यावर लिहिले की तो वाट चुकला, असे आपल्यातले किती समीक्षक मानत आले! पीडिताने आयुष्यभर आपली जखमच दाखवत राहावे, ही अपेक्षा वरकरणी सहानुभूतीची असली तरी तिच्या मुळाशी एक कोंडवाडा आहे. माणसाला संपूर्ण माणूस होता यावे यासाठीच लढा असेल, तर गप्प बसण्याचा, चुकतमाकत नवे शिकण्याचा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याचा हक्कही त्या लढ्याचेच फळ मानले पाहिजे.

तथापि, येथे भाबडेपणा नको. बाजाराने हे मौनही गिळले. सोनी उद्योगसमूहाच्या एपिक कंपनीनेच हा अल्बम काढला. त्यातील पहिली रचना बारा मिनिटे वीस सेकंदांची. बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत ती नव्वदाव्या स्थानी आली आणि त्या यादीत तोवर आलेली सर्वांत दीर्घ रचना ठरली. वर्षातील सर्वोत्तम अल्बमच्या ग्रॅमीसाठी नामांकनही झाले. शिवाय, आंद्रेला शब्द खाली ठेवता आले ते पूर्वीच्या शब्दांनी भाकरीची सोय करून ठेवली म्हणून. अटलांटातल्या एखाद्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या, पहाटे कागदावर यमके जुळवणाऱ्या पोराला ही चैन कोठली?

पण म्हणून त्या बासरीचा राग करावयाचा नसतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, या मागणीसाठी १८८६ साली शिकागोचे कामगार रस्त्यावर उतरले. त्या तिसऱ्या आठ तासांत माणसाने काय करावे हे त्यांनी ठरवून दिले नव्हते. तेच त्या मागणीचे मोठेपण होते. आंद्रेला जे मिळाले ते फार झाले, असे मला वाटत नाही. ते फार थोड्यांना मिळते, एवढीच माझी तक्रार आहे.

मघाच्या सहकाऱ्यांना माझे उत्तर हे: त्याने लढा सोडला की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण ज्याला बोलायचे त्याला निर्भयपणे बोलता यावे आणि ज्याला थांबायचे त्याला उपाशी न राहता थांबता यावे, यासाठीचा लढा आपण सोडता कामा नये.