बळ आणि दम : आठवड्याच्या व्यायामाचा विचार



परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, व्यापारी असा हा वर्ग. त्याच सुमारास शहरातील व्यायामशाळांत विशीतील तरुण आरशासमोर वजने उचलीत असतात. वडील नेमाने चालतात, परंतु वजनाला हात लावीत नाहीत. मुलगा वजने उचलतो, परंतु दोन जिने चढला की त्यास धाप लागते. आणि घरातील आई? ती या दोन्ही ठिकाणी नसते. एकाच कुटुंबातील हे तिघे आरोग्याच्या दृष्टीने अर्धवट राहिले आहेत, आणि त्यांतील दोघांना आपण पुरेसा व्यायाम करतो असे मनापासून वाटते.

आपल्या तालमींनी या दोन गोष्टींना फार पूर्वीच नावे दिली आहेत : बळ आणि दम. बळ स्नायूंचे, दम हृदयाचा आणि फुप्फुसांचा. नुसत्या बळाचा मल्ल पहिल्या झटापटीनंतर थकतो. नुसत्या दमाचा मल्ल पकड सोडवू शकत नाही. म्हणूनच पहिलवानाच्या दिनक्रमात जोर-बैठका असत, तसेच आखाडा खोदणे, पळणे आणि लढती करणेही असे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांची कथा या संदर्भात आठवावी. जपानच्या शोहाची इशीशी झालेली दीर्घ झुंज संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु ती मागण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. बळ तेच, डावपेच तेच, पण दम परत येण्यास अवधीच मिळाला नाही. सुवर्णाची संधी गेली, कांस्य हाती आले. गोळेश्वरच्या या मल्लाची शासनाने हयातीत पुरेशी दखल घेतली नाही, ही खंत वेगळीच.

समर्थांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली, तीमागे बलोपासनेची दृष्टी होती. 1914 मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी उभारलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याच परंपरेतले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. आपल्या व्यायामपद्धतीचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अभिमानाने घाम येत नाही. तासाभराच्या शाखेत मागच्या ओळीत उभे राहून गप्पा मारणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकालाही हेच लागू आहे!

या विषयाची निकड किती आहे, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून कळते. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःची आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या उद्वाहनाचे दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणे, असे याज्ञिकांनी मिश्किलपणे नमूद केले होते. विनोद बाजूला ठेवला तरी अर्थ गंभीर आहे. दिसावयास सडपातळ असलेला भारतीय आतून स्थूल असू शकतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे 10 कोटी 10 लाख आहेत, आणि त्या उंबरठ्यावर असलेले आणखी 13 कोटी 60 लाख. रक्तातील साखर उचलून वापरणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. चाळिशीनंतर हे कोठार दर वर्षी थोडे थोडे आक्रसत जाते आणि नुसते चालून ते पुरेसे भरून निघत नाही. तेव्हा फिरावयास जाणाऱ्या वडिलांनीही वजन उचलणे अगत्याचे आहे.

मग सूर्यनमस्काराने दोन्ही साधत नाही काय, असा प्रश्न येथे अनेकांच्या मनात असेल. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा देशविदेशांत प्रसार केला, तो हा व्यायाम खरोखर अजोड आहे. सलग आणि वेगाने घातल्यास दम वाढतो, सावकाश घातल्यास खांदे, छाती आणि कंबर घडते. परंतु त्यात ढकलण्याची क्रिया आहे, ओढण्याची नाही. ही उणीव पूर्वी मल्लखांब भरून काढी, आडातून पोहरा ओढणे भरून काढी. आता आड बुजले. तेव्हा आडव्या बारला लोंबकळून शरीर वर ओढणे किंवा पाण्याची भरलेली कळशी कमरेतून वाकून छातीकडे खेचणे, असे काही जोडीला घ्यावे लागेल.

जिंतूर, सेलू, पाथरीकडचे शेकडो तरुण पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीतच हा समतोल दडलेला आहे : 1600 मीटर धावण्यास 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीस 15. तरीही बहुतेक जण रोज नुसते पळतात, आणि गोळ्याचा विचार शेवटच्या पंधरवड्यात करतात. याउलट, दोन्ही गोष्टी रोज जिवाच्या आकांताने करणेही घातक. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने 1980 मध्ये दाखविले, की दोन्ही व्यायाम अतिरेकाने एकत्र केल्यास काही आठवड्यांनी बळाची वाढ खुंटते. स्नायू व्यायामाच्या वेळी नव्हे, विश्रांतीत वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण असे : आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा बळाचा व्यायाम. घरगुती भाषेत मांडावयाचे तर सोमवार व गुरुवार बळाचे. बैठका, जोर, ओढण्याचा एखादा प्रकार, आणि वजन उचलणे. दहा-बारा आवर्तनांत थकवा यावा इतके ओझे, प्रत्येकाचे दोन-तीन फेरे, अर्ध्या-पाऊण तासात सारे आटोपते. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार चाळीस मिनिटे झपझप चालणे, सायकल किंवा पोहणे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. रविवारी मुलांसमवेत खो-खो खेळावा, अथवा स्वस्थ बसावे. दोन्ही एकाच दिवशी करणे भाग पडल्यास आणि बळ वाढविणे हा हेतू असल्यास वजने आधी, पळणे नंतर. ओझे उचलताना श्वास कोंडू नये. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून आरंभ करू नये. पावडरच्या डब्यांवर पैसे उधळण्याआधी ताटातील डाळ, शेंगदाणे, हरभरे आणि दूध पुरेसे आहे का, ते पाहावे.

आता आईविषयी. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात. जात्यावर दळणे हा खांद्यांचा आणि पाठीचा व्यायाम होता, नदीवरून पाणी आणणे हा दमाचा. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते गेले हे उत्तमच झाले. परंतु गिरणी आणि नळ आल्यावर त्यांची जागा कशानेच घेतली नाही. 2022 मध्ये देशातील सुमारे 57 टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी होती, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. स्त्रीच्या शरीरात कस कमी असतो, असे कोणी म्हणू नये. याच परभणीच्या ज्योती गवते यांनी 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये 42 किलोमीटरहून अधिक अंतर 2 तास 51 मिनिटांच्या आत कापून भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्यांवर ओझे पेलणे हा मोठा उपाय आहे. म्हणजे घरात वजनांची खरी निकड मुलाहून आईला अधिक आहे. तिला पहाटेचा तास मिळत नाही, कारण त्या वेळी डबे आणि चहा तिच्याकडे असतात. आठवड्यातून दोन सकाळी ही कामे वडील-मुलांनी उरकावीत. उन्हाळ्यात मात्र परभणीचा पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सर्वांनीच सात वाजण्यापूर्वी मैदान सोडावे, आणि निघण्यापूर्वी पाणी पिऊन निघावे.