पेनड्राइव्ह ओढण्याआधी



सोसायटीचा जमाखर्च आणि आय-जे रजिस्टर, सगळं एकाच पेनड्राइव्हवर. चूक माझीच. कॉपी चालू असताना, सणसवाडी चौकात कंपनीची बस गाठायची म्हणून मी तो तसाच ओढला. संध्याकाळी लावला तर ‘आधी फॉरमॅट करा’! नशीब, ‘हो’ म्हटलं नाही, नवीन काही भरलंही नाही. अशा वेळी बिघडते ती बहुधा अनुक्रमणिका. फायली आत असतात. फोटोरेक या फुकट प्रोग्रॅमने त्या दुसऱ्या डिस्कवर काढल्या. नावं मात्र गेली. एकेक उघडून ओळखली.

२०१८ पासून विंडोज १० मध्ये ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप चालू असतं खरं, पण कॉपी चालू असताना तेही वाचवत नाही. इजेक्ट करूनच काढा.

जे रजिस्टर अर्धंच मिळालं. बी विंगवाल्यांनी शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स ऑफिसात द्यावी.